आधी मोजणी, मग मागणी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



होळीची राख थंड होते न होते तोच अवर्षणप्रवण तालुक्यांतील पंचायत समित्यांच्या कार्यालयांत टँकरच्या मागणीचे ठराव येऊ लागतात. ठरावाची भाषा बहुधा ठरलेली असते. गावातील सर्व विहिरी आटल्या आहेत, पाण्याची तीव्र टंचाई निर्माण झाली आहे, तरी तातडीने टँकर सुरू करावा, एवढाच त्याचा आशय. खाली सह्या आणि अंगठे. मागणी खोटी नसते. भर उन्हात दोन-दोन मैलांवरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणालाही नाकारता येणार नाहीत.

पुढे तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणीसाठी गावात येतात आणि साधे प्रश्न विचारतात. गावात एकूण विहिरी किती? सार्वजनिक किती, खाजगी किती? कोणती केव्हा आटली? यंदा पाऊस किती झाला? आणि येथे मोठा गोंधळ सुरू होतो. मळ्याकडची विहीर दिवाळीतच आटली असे एक जण सांगतो, तर दुसरा संक्रांतीपर्यंत तिच्यावर मोटर चालत होती असे शपथेवर सांगतो. यंदा पाऊस झालाच नाही असे सर्वांचे एकमत होते, परंतु महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद काही वेगळेच दाखविते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर गाव जगले, त्या पाण्याविषयी गावाजवळ एकही आकडा नसतो. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याजवळ मात्र दोन-चार आकडे असतात. ज्याच्याजवळ आकडा असतो त्याचेच म्हणणे अशा वेळी चालते.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. अडचणीच्या काळी शासनाकडे मदत मागणे यात कमीपणा काही नाही. तो नागरिकाचा हक्क आहे, आणि ती मदत देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आपले आपण पाहावे, दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, असा कोरडा उपदेश तहानलेल्या गावाला करणे निर्दयपणाचे होईल. विचार करण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. मागणी करण्यापूर्वी गावाने स्वतःच्या शिवारात उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला, तर त्या मागणीचे स्वरूप बदलते काय? महाराष्ट्रातील गेल्या अर्धशतकाचा अनुभव असा, की ते पुष्कळच बदलते.

टंचाई निवारणासाठी शासनाकडे एकच उपाय आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. प्रत्यक्षात टंचाई आराखड्यात कितीतरी उपाययोजना असतात. विहिरीतील गाळ काढणे व तिचे खोलीकरण करणे, नादुरुस्त नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, नवीन विंधन विहीर, खाजगी विहिरीचे अधिग्रहण, हे सर्व त्यात येते आणि टँकर हा अखेरचा उपाय मानला जातो. आता ज्या गावाची नळवाहिनी ओढ्याच्या काठी फुटून रोज हजारो लिटर पाणी वाहून जात आहे, त्या गावाला टँकर दिल्याने काय साधणार? तेथे दुरुस्ती हवी. ज्या गावात सार्वजनिक विहीर आटली, पण शे-दोनशे पावलांवरील खाजगी विहिरीवर घासाला पाणी चालू आहे, तेथे अधिग्रहण हवे. मात्र अधिग्रहणाची मागणी करावयाची तर विहिरीच्या मालकाचे नाव घ्यावे लागते, आणि तो कित्येकदा ग्रामपंचायतीचाच सदस्य असतो! टँकर मागताना कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. टँकरच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण असावे.

म्हणून दुखणे नेमके कोणते, याचा तपास गावानेच आधी केला पाहिजे. त्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. दोर, दगड, मीटरची पट्टी, सरळ उभ्या बाजूंचा एक डबा आणि शाळेची वही एवढे साहित्य पुरेसे आहे.

डब्यापासून सुरुवात करू. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचे असलेला कोणताही डबा झाडापासून व वळचणीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवला आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून तो रिकामा केला, की गावचा पाऊस मिलिमीटरमध्ये हाती येतो. डबा अरुंद आहे की रुंद, याने फरक पडत नाही. उंची तीच राहते. शासकीय पर्जन्यमापकाची अचूकता त्यात येणार नाही हे खरे. परंतु मंडळाच्या ठिकाणी पडणारा पाऊस आणि पाच कोसांवरील डोंगराआडच्या वाडीत पडणारा पाऊस यांत किती अंतर असते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. वाडीचा स्वतःचा आकडा वाडीतच मोजावा लागतो.

या आकड्याचा उपयोग काय, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. शिक्षक बंधूंनी तो सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी पडते. म्हणजे एक टँकर भरतो. गावाचे क्षेत्र एक हजार हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर धरला, तर त्या शिवारात चाळीस लक्ष घनमीटर पाणी आकाशातून उतरले. दहा हजार लिटरचा एक, असे चार लक्ष टँकर! चारशे मिलिमीटर हा काही मोठा पाऊस नव्हे. पर्जन्यछायेतील तालुक्यांचा तो नेहमीचा पाऊस आहे.

अर्थात हे सारे पाणी गावाचे राहत नाही. बरेच बाष्प होऊन जाते, काही पिकांना व गवताला लागते, काही ओढ्यानाल्यांनी वाहून जाते. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा आहे आणि हा खडक पाणी धरण्याच्या बाबतीत कंजूष आहे. मुरमात व मांजऱ्या खडकात थोडेफार पाणी साठते, अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाचा साधारण दहावा भागच भूगर्भात मुरला असे ढोबळमानाने धरू. तरीही चार लक्ष घनमीटर उरले. आता खर्चाची बाजू पाहू. गावाची लोकसंख्या दीड हजार. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे तीस हजार घनमीटर पाणी लागेल. पाचशे मोठी जनावरे, प्रत्येकी ४० लिटर. त्यांचे सात हजारांच्या वर. माणसे आणि गुरे मिळून चार लक्षांपैकी अडतीस हजार घनमीटरही पुरेत.

मग मार्चमध्ये घागर रिकामी का? याचेही उत्तर हिशेबातच आहे. पाटाने भिजविल्या जाणाऱ्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे पिण्याचे पाणी वजा जाता गावात उरलेले सर्व भूजल अवघा अठरा हेक्टर ऊस पिऊन टाकील. दीड हजार माणसे वर्षभर जे पाणी पितील आणि वापरतील, ते दीड हेक्टर उसात संपते. खडक, उतार, पिके, ठिबक यांप्रमाणे हे आकडे गावोगाव कमीअधिक होतील. पण पिण्याच्या पाण्याचा वाटा किती लहान आहे आणि शेतीतील उपशाचा किती मोठा, हे चित्र फारसे बदलत नाही. ज्या गावाने हा हिशेब एकदा मांडला, त्या गावाच्या ग्रामसभेत टँकर कधी येणार, यापेक्षा दिवाळीनंतर कोणी काय पेरले, हा प्रश्न आधी निघतो. तो अडचणीचा प्रश्न आहे. एरवी त्याला बगल देण्याकडेच कल असतो, आणि आकडे पुढे आल्यावर ते कठीण होते.

या प्रकारच्या तपासातून काय उभे राहू शकते, याचे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात घडले. १९७२ च्या दुष्काळात हजारो शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर होते. विलासराव साळुंखे हे अभियंते व उद्योजक ते दृश्य पाहून अस्वस्थ झाले. इतके श्रम आणि इतका पैसा खर्च होऊन पुढच्या दुष्काळात पुन्हा खडीच फोडावयाची काय, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे त्यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर ओसाड, उताराची जमीन कराराने घेतली आणि त्या जमिनीवरच प्रयोग सुरू केला. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली. एवढ्या पाणलोटात किती पाणी अडते आणि त्यावर किती माणसे जगू शकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले.

त्यातून पाणी पंचायतीचे नियम तयार झाले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. ऊस घ्यावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी आधी उभा करावयाचा. शासनाचे अनुदान या योजनांनाही घेण्यात आले, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. मदत नाकारण्याचा बाणा त्यात नव्हता. फरक एवढाच, की काय हवे, किती हवे आणि आलेल्या पाण्याची वाटणी कशी होणार, हे शासनाच्या दारी जाण्यापूर्वीच ठरलेले होते. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या सर्वच योजना सारख्या टिकल्या असे नाही. परंतु पाण्याचा हक्क माणसाला, हा विचार त्यांनी आपल्या राज्यात रुजविला.

हिवरे बाजारचे नाव येथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकले असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, या गावाला सहली जातात, डोंगरावरील समतल चर दाखविले जातात, छायाचित्रे निघतात. चर महत्त्वाचे आहेतच. परंतु या गावापासून घेण्यासारखी खरी गोष्ट छायाचित्रात येत नाही, आणि पाहुणे बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करून परततात. ती म्हणजे पाण्याचा वार्षिक ताळेबंद. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांचा अवलंब केला, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास मनाई केली. आदर्श गाव योजनेत शासनाच्या निधीतून कामे झाली. पुढे मात्र पावसाळा संपला की झालेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढावयाचे, आधी माणसांचे व गुरांचे पाणी बाजूला ठेवावयाचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके किती घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे, अशी पद्धत गावाने पाडली. पाऊस कमी झाला, त्या वर्षी दुसऱ्या पिकाला कात्री. सुमारे ९७६ हेक्टरांचे आणि चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव आहे. म्हणजे मघाशी फळ्यावर मांडलेल्या काल्पनिक गावापेक्षा फारसे वेगळे नाही. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे काही परक्या मातीतून आलेले शहाणपण नव्हे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांवर फड पद्धती शेकडो वर्षे चालली. शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक आणि पाणी कमी असेल त्या हंगामात भिजणारे फड कमी. पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमावयाचा आणि त्याचा मोबदलाही त्यांनीच द्यावयाचा. त्या काळी मिलिमीटर नव्हते, पण नदीत पाणी किती हे पाहिल्यावाचून कोणी पेरणी ठरवीत नसे.

आता विहिरीकडे वळू. गावात पाणी कमी झाले की विचारपूस सुरू होते ती पाणाड्याकडे. हातात बेचक्याची काटकी किंवा तळहातावर नारळ घेऊन तो जागा दाखवितो; बोअरची गाडी येते; दोनशे फुटांवर धूळ उडते; मग चारशे फूट. कर्जबाजारी झालेली कुटुंबे या मार्गाने किती गेली, हे गावकऱ्यांनाच ठाऊक. जी माहिती विकत आणावयास मनुष्य धावतो, तिचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या विहिरीत असतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. एक तास पंप चालविल्यावर पातळी किती उतरते आणि ती पुन्हा चढावयास किती तास लागतात, हे दोराला दगड बांधून मोजता येते. भरून यावयास मागच्या वर्षी सहा तास लागत होते, यंदा अठरा लागतात. अशी एक ओळ वहीत असेल तर विहिरीचे झरे मंदावले हे समजते. झरे जोरात असूनही पाणी पुरत नसेल तर उपसा वाढला आहे. विहिरीची खोली मागच्या मोजणीपेक्षा कमी भरत असेल तर गाळ साचला आहे. तिन्हींची औषधे निराळी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावानेही तेच महिने धरले तर दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवता येतील. सार्वजनिक विहिरीच्या काठावर तैलरंगाने एक खूण करावी आणि दरवेळी तेथूनच दोर सोडावा, नाहीतर आकड्यांचा मेळ बसत नाही. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्ह्यांच्या निवडक गावांनी अशा नोंदींवरून आपले आराखडे केले. ज्या गावांचा त्या योजनेत समावेश झाला नाही, त्यांना दोर सोडावयास कोणाची हरकत नाही.

आणखी एक तपास पायी करावयाचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा केला आणि अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी घातली. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली. स्रोताच्या संरक्षणाचे तत्त्व त्यातही आहे. सदस्यांनी एका सकाळी सार्वजनिक विहिरीपासून चारही दिशांना पाचशे मीटर चालून जावे आणि किती बोअर दिसतात ते मोजावे. आटलेल्या विहिरीचे कोडे कित्येकदा त्या फेरीतच उलगडते. या फेरीत गावातील दोन-तीन जाणत्या स्त्रिया अवश्य असाव्यात. कोणत्या झऱ्याला कोणत्या महिन्यात किती वाट्या पाणी येते, हे ज्यांना रात्री उठून रांग धरावी लागते त्यांना ठाऊक असते. ग्रामसभेत त्यांना ते सहसा कोणी विचारीत नाही.

अधिकारी वर्गासाठी दोन शब्द. मागण्यापूर्वी शोधण्याची सवय नाही असा दोष केवळ गावांना देणे न्याय्य होणार नाही. ज्या बाबीचे स्पष्ट उत्तर शासन निर्णयाच्या दुसऱ्याच परिच्छेदात दिलेले असते, तीच बाब "मार्गदर्शन मिळणेस विनंती आहे" या ओळीसह वरिष्ठांकडे जाते. वरिष्ठ ती आणखी वर पाठवितात. आणि उत्तर येईपर्यंत पावसाळा येतो. शंका असेल तेथे जरूर विचारावे. परंतु विचारणाऱ्याने कोणते आदेश पाहिले, त्यांचा स्वतःचा अर्थ काय लावला आणि अडले नेमके कोठे, हे पत्रात लिहिले तर उत्तर देणाऱ्याचे काम निम्मे होते. ग्रामसेवकाने तहसीलदारांना लिहिताना आणि तहसीलदारांनी जिल्हाधिकाऱ्यांना लिहिताना हा नियम सारखाच लागू आहे.

कधी कधी सर्व तपास करूनही उत्तर एकच निघेल, की पाणी खरोखरच नाही. सलग दोन वर्षे पाऊस हुकला, शिवारात ऊस नाही, नळवाहिनी धड आहे, गाळ काढलेला आहे आणि तरीही विहिरीला तळ लागला, अशी गावे आहेत आणि पुढेही असतील. तेव्हा टँकरच मागावा, निःसंकोच मागावा. फक्त ठरावासोबत वहीची पाने जोडावीत: पावसाचे चार महिन्यांचे आकडे, ऑक्टोबर, जानेवारी व मार्चच्या पातळ्या, पाचशे मीटरच्या आतील विहिरींची यादी आणि त्यांपैकी प्रत्येकीत शिल्लक असलेले पाणी, माणसे व जनावरे यांची संख्या, माणशी २० लिटरप्रमाणे रोजची गरज आणि त्यावरून लागणाऱ्या खेपा. दीड हजार वस्तीला तीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याला मग गावकऱ्यांच्या घोळक्यात उभे राहून चौकशी करावी लागत नाही. वही हातात घेऊन दोन विहिरींत दोर सोडून पाहावयाचा, आकडे जुळले की जागेवरच शिफारस लिहावयाची.